केळवणाचे ताट आणि भांड्यांची विक्री

लग्न ठरलेल्या मुलीस तिच्या आत्याने, मामीने किंवा मावशीने घरी जेवावयास बोलवावे, ज्या घरी जे चालते ते, पुरणपोळी म्हणा की वडे-मटण म्हणा, प्रेमाने करून वाढावे, आणि निघताना तिच्या हाती साडी, भांडे अथवा पाकीट ठेवावे, ही आपली केळवणाची जुनी चाल वाचकांस सांगावयास नको. परंतु ज्यांच्या मुली, भाच्या व पुतण्या नोकरीनिमित्त अथवा लग्न होऊन नव्या मुंबईत राहावयास गेल्या आहेत, त्यांच्या कानी अलीकडे ह्या चालीचे एक नवे रूप आले असेल. तेथे केळवणास कोणी 'ब्रायडल शॉवर' म्हणतात. नावाचे आम्हांस काही वाटत नाही. पण त्याच दिवशी, त्याच दिवाणखान्यात, जेवणाची ताटे उचलल्यावर टेबलावर डबे, झाकणे, कढया व तवे मांडावयाचे, एका बाईने ते कसे वापरावे हे दाखवावयाचे, आणि जमलेल्या बायकांनी आपापली मागणी कागदावर लिहून द्यावयाची, असा बेत कोणी योजिला, तर तो योग्य की अयोग्य? हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे, तरी त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे असे आम्हांस वाटते. तो हा की, एकाच मनुष्यास एकाच वेळी पाहुणा आणि गिऱ्हाईक करता येते काय?

प्रथम ही विक्री कशी चालते ते पाहू. माल विकणारी बाई स्वतःच्या घरी दुकान मांडीत नाही. ती ओळखीच्या एखाद्या गृहिणीस यजमानीण करते. यजमानीण आपल्या बहिणी, जावा, शेजारणी व मैत्रिणी बोलावते आणि चहा-फराळ करते. माल जितका खपेल त्या मानाने विकणारीस तिचा हिस्सा मिळतो व यजमानिणीस काही भांडी भेट मिळतात. ही युक्ती आपल्याकडे जन्मलेली नव्हे. अमेरिकेत 1931 साली निघालेल्या स्टॅन्ली होम प्रॉडक्ट्स ह्या कंपनीने घरगुती वस्तू अशा बैठकांतून खपविल्या. पुढे अर्ल टपर नावाच्या गृहस्थाने प्लॅस्टिकचे घट्ट झाकणाचे डबे काढले, पण ते दुकानांच्या फळीवर पडून राहू लागले, कारण झाकण दाबून आतली हवा कशी काढावयाची हे दाखविल्यावाचून कोणास कळेना. ब्राउनी वाइज ह्या बाईने ते घरोघरच्या बैठकांत दाखवून इतके खपविले की 1951 पासून कंपनीने दुकानांचा मार्गच सोडला व बाईस उपाध्यक्ष नेमले. 1958 च्या जानेवारीत त्याच बाईस काढून टाकण्यात आले. कंपनीत तिच्या मालकीचा एकही भाग नव्हता. त्याच वर्षी टपरने कंपनी 1 कोटी 60 लक्ष डॉलरांस विकली. हे डबे 1996 साली हिंदुस्थानात आले व आपल्या शहरांतील कितीएक गृहिणींनी ते विकून चार पैसे जोडले. मूळ अमेरिकन कंपनीने 2024 च्या सप्टेंबरात दिवाळखोरीचा अर्ज केला. परंतु बैठकीची युक्ती कंपनीबरोबर बुडाली नाही. ती आता अनेकांच्या हाती आहे, आणि भांड्यांप्रमाणेच साबण, प्रसाधने व औषधी चूर्णे तिच्याच आधाराने विकली जातात.

ह्यावर कित्येक वडीलधारे चटकन म्हणतील की, प्रेमात पैसा आणला की प्रेम नासले. आम्हांस हे बोलणे फार सोपे वाटते. आपल्या लग्नांत पैसा कधी नव्हता? आहेराची वही कोणाच्या घरी नाही? अमक्याने आपल्या मुलीच्या लग्नात किती घातले हे पाहूनच त्याच्या मुलीच्या लग्नात किती घालावयाचे ते ठरते. स्टीलच्या पातेल्यावर देणाऱ्याचे नाव व तारीख कोरून घेतात, ती केवळ प्रेमाची खूण नसून हिशेबाचीही असते. रुखवताच्या टेबलावर मांडलेली भांडी शेजारीपाजारी मोजतात. मोजावयाची नसती तर ती मांडली कशास असती? जुन्या लुगड्यांवर भांडी देणारी बोहारीण दारात बसली म्हणजे घरची आजी तिच्याशी अर्धा प्रहर घासाघीस करी, आणि तीच आजी तिला पाणी व भाकरीही देई. तेव्हा व्यवहार आणि जिव्हाळा ही दोन एकमेकांस शिवू नयेत अशी शिस्त आपल्या लोकांत कधीच नव्हती.

आणखी असे की, नवी मुंबई हे शहर तरी कसे आहे? 1970 साली सिडको स्थापन झाली आणि 95 गावांच्या जमिनीवर नोडांमागून नोड उभे राहिले. आगरी-कोळ्यांची गावे जागच्या जागी आहेत, तेथे हळदीस सारा गाव लोटतो. पण वाशी, नेरूळ, कोपरखैरणे किंवा खारघर येथील इमारतींत साताऱ्याचा माथाडी, नगरचा शिक्षक, केरळाची परिचारिका व बंगालचा कारकून एकाच जिन्याने वर जातात आणि वर्षानुवर्षे एकमेकांचे नाव जाणत नाहीत. गावी ज्या बाईस भाऊबंद होते, पाणवठा होता, तिला सातव्या मजल्यावर दार लावून बसावे लागते. अशा ठिकाणी डब्यांच्या निमित्ताने का होईना, दहा बायका एकत्र बसतात, हसतात, एकमेकींच्या मुलांची चौकशी करतात. ही गोष्ट कमी मोलाची आहे असे आम्ही म्हणणार नाही. शिवाय विकणारीचे पाहा. तिच्यापाशी गाळा घेण्यास भांडवल नाही, मुले लहान म्हणून आठ तासांची नोकरी नाही. स्वतःच्या नावावर स्वतः मिळविलेले दोन-तीन हजार रुपये पडले की तिची मान किती ताठ होते हे ज्यांनी पाहिले आहे ते तिला हसणार नाहीत.

तर मग अडचण कोठे आहे? आम्ही एक उदाहरण कल्पितो. नेरूळास राहणाऱ्या मावशीने भाचीचे केळवण योजिले व त्याच दिवशी भांड्यांची बैठकही ठेवली. बोलावलेल्यांत भाचीची एक चुलत बहीण आहे. ती तुर्भे स्टोअरच्या वस्तीतून येते, चार घरी स्वयंपाक करते. तिने भाचीसाठी म्हणून दोनशे एक रुपयांचे पाकीट आणले आहे. ते तिने आपल्या मिळकतीच्या मानाने विचार करून भरले आहे व त्यात तिचा मान आहे. जेवण होते. मग डबे निघतात. झाकणांचा आवाज होतो, हशा होतो. कागद एकीकडून दुसरीकडे फिरू लागतो. पहिली बाराशेचा संच लिहिते, दुसरी आठशेचा. कागद हिच्यापर्यंत येतो तेव्हा वरच्या साऱ्या ओळी तिला दिसतात, आणि ती काय लिहिते तेही सर्वांस दिसणार असते. ती चारशेचा डबा लिहिते आणि म्हणते, पैसे पुढच्या महिन्यात देते. मावशी म्हणते, अगं, घाई नाही. मावशीच्या मनात खरोखरच काही वाईट नाही. पण घरी जाताना रेल्वेत त्या बाईच्या मनात काय असेल, ह्याचा वाचकांनी विचार करावा.

वाशीच्या बाजारात हाच डबा तिने हाती घेऊन खाली ठेवला असता. दुकानदाराने कपाळास आठी घातली असती, एवढेच. 'नको' म्हणण्याची तिला तेथे काही किंमत पडत नाही. येथे मात्र तिने ज्यांचे अन्न खाल्ले त्यांच्यासमोर, ज्यांच्याशी जन्माचे नाते आहे त्यांच्यासमोर, ज्या मुलीवर तिचे प्रेम आहे तिच्या देखत 'नको' म्हणावयाचे आहे. म्हणजे नकाराबरोबर तिला दुसरेही काही द्यावे लागते. आमच्या मते ह्या साऱ्या प्रकरणाची किल्ली येथेच आहे. दोष पैशात नाही, फायद्यातही नाही. ज्या सौद्यात एका पक्षास नकार देणे भारी पडावे म्हणूनच जागा व वेळ निवडलेली असते, त्या सौद्यास राजीखुशीचा सौदा म्हणताना जीभ अडखळते.

कोणी म्हणेल, आहेराचेही असेच नाही काय? तोही लाजेकाजेने द्यावा लागतो. हा आक्षेप खरा आहे व आम्ही तो टाळू इच्छीत नाही. कित्येक गावी मांडवात ध्वनिक्षेपकावरून अमक्याचा आहेर इतका असा पुकारा होतो, आणि ती चाल आम्हांस मुळीच आवडत नाही. लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असे छापणारे लोक आता पुष्कळ आहेत, ते शहाणे होत. पण बंद पाकिटाचा आहेर व हा कागद ह्यांत एक भेद आहे. पाकिटातला आकडा देणारा आपल्या हाताने ठरवितो. एकवीस घाला की पाचशे एक घाला, नवरीने ते दुसऱ्या दिवशी उघडावयाचे असते. भांड्यांच्या कागदावर आकडे दुसऱ्याने आधीच छापून ठेवलेले असतात व सर्वांत लहान आकडाही कित्येकींस मोठा असतो. दुसरे असे की, आहेर फिरतो. आज मी तुमच्या घरी दिला तो उद्या माझ्या घरी येतो. येथे चुलत बहिणीच्या चारशे रुपयांतील काही भाग विकणारीकडे, काही कंपनीकडे जातो, आणि त्यांच्या जोरावर मावशीच्या ओट्यावर एक नवी कढई येते. भाची, जिच्या नावाने सगळ्या जमल्या, तिला ह्यांतले काय मिळते?

आता ह्यावर उपाय म्हणून दोन गोष्टी सुचविल्या जातात. पहिली ही की, निमंत्रणातच स्पष्ट सांगावे, म्हणजे कोणाची फसवणूक होणार नाही. हिंदुस्थान सरकारने 28 डिसेंबर 2021 रोजी थेट विक्रीचे जे नियम जाहीर केले त्यांतही हेच तत्त्व आहे. विकणाऱ्याने बोलणे सुरू करण्यापूर्वी, कोणी न विचारता, आपण कोण, कोणत्या कंपनीचे व कशासाठी आलो हे खरेखरे सांगितले पाहिजे, आणि आधी वेळ ठरविल्यावाचून कोणाच्या दारी जाता कामा नये. नियम चांगला आहे. परंतु तो विकणाऱ्यास बांधतो, बोलावणाऱ्या मावशीस तो ओळखीत नाही. आणि आमच्या उदाहरणात तर स्पष्ट सांगूनही काम भागत नाही. समजा, चुलत बहिणीस आधीच कळले की त्या दिवशी विक्री आहे. तिला घेणे परवडत नाही, तेव्हा ती काय करील? ती येणारच नाही. म्हणजे डबा नाकारण्यासाठी तिला केळवण नाकारावे लागेल, आणि पुढे वर्षभर 'ती आली नाही' एवढेच लोकांच्या ध्यानात राहील. खरे बोलल्याने फसवणूक टळली, पण पेच होता तसाच राहिला.

दुसरी सूचना अशी की, यजमानिणीस जे फुकट मिळेल ते सारे नवरीस द्यावे. ही पहिलीपेक्षा बरी. मावशीचा स्वार्थ तेवढ्यापुरता गेला. तथापि पाहुणीच्या खिशास हात लागतो तो लागतोच, आणि आता तो नवरीच्या नावाने लागतो. कोणत्या शहाण्या मुलीस आपल्या संसाराचा तवा अशा रीतीने यावा असे वाटेल? मुलीसच विचारले तर ती बहुधा म्हणेल की, मावशी, मला एक कुकर दे आणि सगळ्यांना पोटभर वाढ. कुकर द्यावयाचाच तर पाच जणींनी मिळून द्यावा, ज्यांना जमेल त्यांनी घालावे, कोणी किती घातले हे एकीनेच जाणावे. (जाता जाता सांगतो की, 1961 च्या हुंडाप्रतिबंधक कायद्याखाली 1985 साली झालेल्या नियमांप्रमाणे लग्नात नवरीस मिळालेल्या भेटींची यादी लिहून ठेवावयाची असते. ती फार थोडे लोक ठेवतात. मांडवाच्या हिशेबाबरोबर तेवढेही लिहावे, म्हणजे कुकर कोणाचा ह्यावर पुढे वाद होत नाही.)

विकणारीच्या पोटावर पाय द्यावा असा आमच्या बोलण्याचा अर्थ कोणी करू नये. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये कर्ज घेऊन पापड लाटावयास आरंभ केला, तो लिज्जतचा उद्योग आज देशभर पसरला आहे. त्यांचेही पहिले गिऱ्हाईक ओळखीतलेच होते, कारण उद्योग नवा असता ते तसेच असावयाचे. पण पापडाचे पुडके दुकानात ठेवता येत होते, अनोळखी मनुष्य ते उचलीत होता व न आवडल्यास दुसऱ्यांदा घेत नव्हता. म्हणून पापड चांगला राखावा लागला. बैठकीच्या मालास ही कसोटी उशिरा लागते. मावशीकरिता घेतलेला डबा चांगला की वाईट हे कोणी बोलत नाही, तो मुकाट्याने माळ्यावर जातो. आणि नातलग संपले म्हणजे विकणारीचा धंदाही संपतो, मग तिला नवे नातलग शोधावे लागतात किंवा घरातल्या घरात दुसरीस विक्रेती करावे लागते. ज्या भगिनींस हा उद्योग खरोखर पोटासाठी करावयाचा आहे त्यांनी तो अनोळखी लोकांत उभा करणे त्यांच्याच हिताचे आहे असे आम्हांस वाटते. सोसायटीच्या आवारात परवानगी घेऊन टेबल मांडावे, आठवड्याच्या बाजारी बसावे, किंमत लिहून ठेवावी.

मग नेरूळच्या मावशीने करावे काय? तिने दोन दिवस वेगळे करावेत. केळवण केळवणाच्या दिवशी. त्या दिवशी भांड्यांचे पुस्तकही कपाटात असावे, कारण टेबलावर पडलेले पुस्तक न बोलता बोलते. लग्न पार पडल्यावर, पंधरवड्याने किंवा महिन्याने, तिने डब्यांची बैठक खुशाल भरवावी. निमंत्रणात लिहावे की मी भांडी विकावयास बोलावीत आहे, माल खपल्यास मलाही एक कढई मिळावयाची आहे, चहा मात्र सर्वांस आहे. कागद फिरवू नये. ज्यांना घ्यावयाचे असेल त्यांनी घरी जाऊन मोबाइलवर कळवावे. ह्या रीतीने खप कमी होईल, असे विकणारी म्हणेल, आणि ती खरे बोलत असेल. जेवढा खप कमी होईल तेवढा खप पूर्वी भिडेचा होता. आणि त्या दिवशी तुर्भ्याची चुलत बहीण आली नाही, तर ती का आली नाही हे कोणी विचारणार नाही. केळवणास ती आलेली असेल व तिचे दोनशे एक रुपये नवरीच्या पर्समध्ये असतील.