सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याची अमानत



नमाजच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा पाहण्यासाठी आज आपल्या अनेक घरांत मोबाइलवरील ॲपच उघडले जाते. आपण कोठे आहोत हे कळल्याखेरीज ते ॲप वेळ सांगू शकत नाही. सूर्य नागपुरात आणि रत्नागिरीत एकाच क्षणी मावळत नाही. म्हणून ठिकाण विचारण्यात गैर काही नाही. परंतु एका कामासाठी घेतलेली ही माहिती दुसऱ्याच्या हाती देण्याचा अधिकार ॲप लिहिणाऱ्याला आहे काय?

नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मदरबोर्ड’ या अमेरिकी संकेतस्थळाने उघड केले की, सिंगापूरच्या बिट्समीडिया कंपनीचे ‘मुस्लिम प्रो’ हे ॲप वापरकर्त्यांच्या ठिकाणांची माहिती ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीला देत होते, आणि एक्स-मोडच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. हे ॲप तोवर नऊ कोटींहून अधिक वेळा डाउनलोड झालेले होते. लष्कराला थेट माहिती विकल्याचा आरोप बिट्समीडियाने नाकारला आणि एक्स-मोडशी संबंध तोडले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक्स-मोडला प्रार्थनास्थळांसारख्या संवेदनशील ठिकाणांची माहिती विकण्यास मनाई केली.

अशा व्यवहाराची रीत साधी असते. माहिती गोळा करणारी कंपनी कोडचा एक तयार तुकडा देते, ॲप लिहिणारा तो आपल्या ॲपमध्ये बसवतो आणि त्याबद्दल पैसे मिळतात. पडद्यावर मात्र अजानची वेळ तेवढी दिसते.

सहीह मुस्लिममधील प्रसंग आपणांस ठाऊक असेल. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तर बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे विचारून फसवणारा आपल्यातला नव्हे, हे त्यांनी बजावले. येथे लक्षात घ्यावे, भिजलेले धान्य विकण्यास त्यांनी मनाई केली नाही. ते झाकण्यास केली. आमच्या कळमना बाजारातला गिऱ्हाईकही पोत्याच्या पोटात हात घालून पाहतो. ॲपच्या पोटात हात घालण्याची सोय मात्र वापरकर्त्याला नाही. तळाशी काय आहे हे केवळ लिहिणारा जाणतो, म्हणून त्याच्यावरील भार धान्यवाल्यापेक्षा जड आहे.

यावर एखादा जाणकार तरुण म्हणेल, “हजरत, वापरकर्त्याने अटी मान्य केल्या होत्या.” आक्षेप पोकळ नाही. ‘यातील कोणत्याही दोषास मी जबाबदार नाही’ अशा अटीवरची विक्री हनफी फिकहमध्ये वैध ठरते. शाफई विद्वानांचे मत वेगळे आहे. परंतु तो निवाडा काजीपुढचा आहे. ठाऊक असलेला दोष मुद्दाम लपवण्याचे पाप त्या अटीने धुतले जात नाही. शिवाय सूरह निसामध्ये व्यापारासाठी परस्परांची राजीखुशी आवश्यक ठरवली आहे. कोणी वाचूच नये इतक्या लांब आणि बोजड लिहिलेल्या अटींवर दाबलेल्या बटणाला राजीखुशी म्हणणे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. आमच्या हुडकेश्वर-मानेवाडा भागातून मिहानमधील कंपन्यांत जाणारा तरुण विचारतो, साहेबांनी सांगितलेला कोड मी लिहिला, तर दोषी मी कसा? ज्याने ठरवले आणि ज्याने नकळत लिहिले, ते दोघे सारखे नव्हेत. जाणून लिहिणारा मात्र सुटत नाही, कारण अल्लाहच्या अवज्ञेत कोणाचीही आज्ञा पाळायची नसते. तरीही घरी आजारी आई आणि डोक्यावर कर्ज असलेल्याला ‘उद्याच राजीनामा दे’ असे मी सांगणार नाही. त्याने बैठकीत विचारावे, आक्षेप लेखी नोंदवावा, आणि ऐकले गेले नाही तर दुसरे काम शोधू लागावे.

आणि हा प्रश्न परदेशी कंपन्यांपुरता नाही. मोहल्ल्यातील उत्साही मुले जकातवाटपासाठी ॲप किंवा ऑनलाइन यादी तयार करतात. तीत विधवांची नावे, त्यांचे फोन, कोणाच्या घरी किती अडचण आहे, हे सारे असते. ती यादी कोणाकोणाला उघडता येते, वाटप संपल्यावर ती पुसली जाते का, आणि त्या भगिनींना हे कोणी विचारले होते का? आपल्या मशिदीच्या कमिटीला हे तीन प्रश्न येत्या जुम्याला विचारावेत.