वैशाखाचे गिऱ्हाईक

नागपुरात कूलरचा धंदा थंडीत सुरू होतो. पत्रा पौष-माघात कापला जातो. पैसा तेव्हाच अडकतो. निकाल चैत्र-वैशाखात लागतो. मधल्या काळात दुकानदाराच्या हाती करण्यासारखे फारसे नसते. म्हणूनच त्या काळात तो सर्वांत जास्त धावपळ करतो. जिथे काही करता येत नाही, तिथे माणूस व्यस्त राहतो.

उन्हाळा येणार, याविषयी या शहरात कोणाला शंका नसते. 23 मे 2013 रोजी येथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. पण विक्री उन्हाळा येण्यावर अवलंबून नसते. तो कधी तापतो आणि किती दिवस सलग तापतो, यावर असते. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो. त्याला कोरडी हवा लागते. वैशाखातली एक सर गारवा आणते आणि दमटपणाही. गिऱ्हाईक म्हणते, पाहू पुढच्या आठवड्यात. 2023 च्या एप्रिल-मेमध्ये विदर्भात अशा अवकाळी सरी येत राहिल्या. प्रत्येक सरीनंतर ऊन पुन्हा पडे. प्रत्येक उन्हानंतर आशाही.

मोठे संकट माणूस मान्य करतो. हुलकावणी मान्य करत नाही.

25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली. हंगामाचा तो उंबरठा होता. कूलर गोदामात राहिले आणि ऊन बाहेर वाया गेले. त्या वर्षाविषयी दुकानदार आजही शांतपणे बोलतात. त्यात त्यांना स्वतःची चूक शोधावी लागत नाही. पुढच्या वर्षी, 15 ते 21 मार्चला, शहरात पुन्हा टाळेबंदी झाली. ती सुरुवातीला एकाच आठवड्यासाठी जाहीर झाली होती. तिच्याविषयी मात्र ते कुरकुरत बोलतात. आधीच माल काढायला हवा होता, असे काहीतरी. आपत्ती पुरेशी मोठी असली की माणूस आपोआप निर्दोष ठरतो. ती लहान असली की उरलेली जागा तो अपराधाने भरतो.

बाजारात एकाच मालाची दुकाने ओळीने असतात. ही रचना गिऱ्हाइकाच्या सोयीची समजली जाते. तिचा खरा उपयोग दुकानदाराला आहे. सगळी ओळ रिकामी असेल, तर दोष हवेचा. एकच दुकान रिकामे असेल, तर दोष हवेचा नाही. इतके स्वच्छ उत्तर तत्त्वज्ञानातही क्वचित मिळते. तरीही दुपारी गल्ल्यावरून उठून ओळीकडे पाहणारा माणूस हे उत्तर शोधत नसतो. शेजारीही रिकामा बसलेला दिसला की त्याला थोडे बरे वाटते. त्या बरे वाटण्यातून भाडे निघत नाही. पण ते वाटते, आणि त्याची लाज फार उशिरा वाटते.

मंदीत आकाशाला दोष देणारे पुष्कळ भेटतात. तेजीत आकाशाला श्रेय देणारा भेटत नाही. पारा चढलेला असतो, गोदाम रिकामे होत असते, आणि दुकानदार आपल्या जागेविषयी, पारखीविषयी, बोलण्याच्या हातोटीविषयी बोलू लागतो. त्याच वर्षी तो दुसरे दुकान घेतो. हातात नसलेल्या गोष्टीचा खरा स्वीकार वाईट वर्षात लागत नाही. त्या वर्षी दुसरा मार्गच नसतो. तो चांगल्या वर्षात लागतो. तेव्हा कोणी करत नाही. ज्याने वैशाखाचे ऊन आपल्या नावावर जमा केले, त्याला ज्येष्ठाच्या आधी आलेला पाऊसही आपल्याच नावावर खर्ची टाकावा लागतो. वही दोन्ही बाजूंनी लिहिली जाते.

आकडा दिसला की माणसाला आधार वाटतो, तो कसाही असो. 30 मे 2024 रोजी शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश तापमान नोंदवले. ती बातमी देशभर पसरली. पुढे हवामान खात्याने सांगितले की यंत्रात बिघाड होता. पहिल्या बातमीवर सगळ्यांचा विश्वास बसला होता. दुसरी अनेकांना थोडी निराश करून गेली.

एक गोष्ट या धंद्यात उघड बोलली जात नाही. कूलरवाल्याला कडक ऊन हवे असते. त्याच उन्हात रस्त्यावर डांबर टाकणारा, रिक्षा ओढणारा, बांधकामावर विटा वाहणारा माणूस असतो. उष्माघाताच्या बातमीचा दिवस हा बहुधा चांगल्या विक्रीचा दिवस असतो. दुकानदार वाईट माणूस नसतो. तो बातमी वाचून हळहळतो, आणि ती हळहळ खोटी नसते. दुकानासमोर तो पाण्याचा माठही ठेवतो. पण इच्छा जर ऋतू बदलू शकल्या असत्या, तर त्याला आपल्या इच्छेचा हिशेब द्यावा लागला असता. हवा त्याचे ऐकत नाही, यात त्याची सुटका आहे. दुबळेपणाची ही बाजू माणसाच्या ध्यानात येत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. एकोणिसाव्या शतकापासूनची ही प्रथा. इतवारी आणि महाल भागातल्या गल्ल्यांत गर्दी मावत नाही. रोगराई, महागाई, भ्रष्टाचार, त्या वर्षी जे जे सलत असेल ते घेऊन जायला मारबतीला सांगितले जाते. तोवर कूलरचा हंगाम केव्हाच सरलेला असतो. न विकलेला माल ताडपत्रीखाली असतो. ओरडणाऱ्यांत दुकानदारही असतात. बाहेरून आलेली पीडा बाहेर पाठवून द्यावी, हे योग्यच आहे. फक्त मारबतीसोबत कोणी आपला आळस पाठवत नाही, आणि लग्नसराईत चढवलेला भावही.

गल्ल्यामागे बहुधा गीतेतला, फळाची आशा सोडायला सांगणारा श्लोक टांगलेला असतो. त्याच्याच खाली कॅल्क्युलेटर. दोन्हींत विरोध नाही. वाचायचा असतो तो खालचा आकडा. वरचा श्लोक तो आकडा पाहून झाल्यावर लागतो.

स्वीकाराचा उपदेश बहुधा पगारदार करतात. पगार महिन्याच्या ठरल्या तारखेला होतो. आभाळाशी त्याचे काही देणेघेणे नसते. दुकानाचे भाडे स्वीकारावर भागत नाही. पत्र्याचा व्यापारी उधारी मागायला येतो तेव्हा त्याला नवतप्यात, म्हणजे ऐन उन्हाच्या नऊ दिवसांत, पाऊस झाल्याचे सांगून चालत नाही. त्याच्याही डोक्यावर तोच पाऊस पडलेला असतो.

हातात जे उरते ते इतके थोडे असते की ते सांगायला संकोच वाटावा. दुकान वेळेवर उघडणे. पत्र्याची जाडी खोटी न सांगणे. पंप जळाला तर आज माणूस पाठवतो म्हटल्यावर आजच पाठवणे. यातल्या कशानेही पाऊस थांबत नाही. पण पाऊस थांबल्यावर गिऱ्हाईक कोणत्या दुकानात शिरेल, यात त्याचा थोडा वाटा असतो. थोडाच. त्याहून अधिक सांगणारे लोक आता व्याख्याने देतात.

दिवाळी सरते. थंडी पडते. पुन्हा मागणी नोंदवायची वेळ येते, आणि पुढच्या वैशाखाविषयी कोणाला काही ठाऊक नसते. नवखा गेल्या वर्षाचा आकडा लिहितो. गेले वर्ष चांगले असेल तर त्यात भर घालून, वाईट असेल तर घाबरून निम्मा करून. मुरलेला दुकानदार चांगल्या वर्षाहून कमी आणि वाईट वर्षाहून जास्त मागवतो, आणि कारण विचारले तर सांगू शकत नाही. पंप मात्र तो दरवर्षी भरपूर मागवतो. जुन्या कूलरचे पंप कोणत्याही उन्हाळ्यात जळतात.