पाखरांकडे पाहणारी मुले

बंगळूरहून जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेस गेले की होसकोटे लागते. शहाजीराजांच्या जहागिरीत मोडणारे हे गाव मराठी माणसास अगदीच परके नव्हे. दक्षिण पिनाकिनी नदीच्या पाण्याचा विस्तीर्ण तलाव तेथे आहे. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून थापट्या आणि तलवार बदके त्यावर उतरतात. उथळ पाण्यात रंगीत करकोचे उभे असतात. करकोचास आपला नेमलेला काळ कळतो, हे यिर्मया संदेष्ट्याने (८:७) देवाला विसरलेल्या लोकांस ऐकविले होते.

डोंगरावरील प्रवचनात प्रभूने पाखरांकडे पाहावयास सांगितले (मत्तय ६:२६). हे वचन आपण मुलांकडून पाठ करून घेतो. परंतु तेथील मूळ ग्रीक क्रियापद नजर रोखून पाहण्याचे आहे. वचन बिनचूक म्हणणाऱ्या मुलाने तळ्यावरचे एकही पाखरू निरखले नसेल, तर आज्ञा पाठ झाली, पाळली गेली नाही.

दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षीगणना होते. २०१३ पासून भारतीयही तीत भाग घेतात. निदान १५ मिनिटे पाहावयाचे, ओळखावयाचे, मोजावयाचे आणि नोंद पाठवावयाची, एवढेच. ‘फेब्रुवारीत? परीक्षा तोंडावर असताना?’ असे पालक विचारतील. अहो, ते वचन चिंतेविषयीच आहे! गुणांच्या धास्तीने कोमेजलेल्या मुलाला प्रभूने पाखरांकडे धाडले, आणि आपण त्याची वाट अडवितो.

पाखरे मरतातही. चिमणी भूमीवर पडते, हे प्रभूने लपविले नाही. पित्यावाचून ती पडत नाही, असे सांगितले (मत्तय १०:२९). बांधावर मेलेला पक्षी दिसला तर मुलाला ओढून नेऊ नये. त्याचे प्रश्न ऐकावेत.

लंडनचे रे. जॉन स्टॉट (१९२१–२०११) उपदेशासाठी देशोदेशी जात, तेव्हा दुर्बीण बरोबर असे. फिरावयास नेताना तोंड मिटून डोळे व कान उघडे ठेवावयास त्यांना वडिलांनी शिकविले होते. वडील स्वतः श्रद्धावान नव्हते! मग आपण विश्वासी आईबापांनी किती करावे?

येत्या फेब्रुवारीत तरुण संघाने संडे स्कूलच्या मुलांस जवळच्या तळ्यावर न्यावे. पाच जणांत एक दुर्बीण पुरते. वही मात्र प्रत्येकाची वेगळी असावी.