लोकेशन पाठव

जयपूरच्या एम. आय. रोडवर लस्सीचा कुल्हड हातात घेऊन पुतणी म्हणाली, "आत्या, माझ्या रूममेटला तिचा मित्र तासातासाला लोकेशन मागतो. उशीर झाला की व्हिडिओ कॉल. खोलीत कोण आहे ते फोन फिरवून दाखवायचं. मागच्या आठवड्यात तिच्या दंडावर काळंनिळं दिसलं. कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीय मला."

"मग वाट कसली बघतेस? मैत्रिणी तोडायच्या, फोन तपासायचा, कपड्यांवरून बोलायचं, मारायचं आणि मग रडून माफी मागायची. लक्षणं काय लपून राहतात?"

"मारणं आणि रडणं सोडलं तर बाकी सगळं बाबा करतात. तुझाच भाऊ."

"दादाचं वेगळं. त्याला काळजी असते."

"तोही काळजीच म्हणतो. घरी जे प्रेम म्हणून शिकवलं तेच बाहेर मिळालं, तर मुलीनं घाबरायचं कधी?"

मी म्हटलं, एकदा नाही म्हणून बघावं. नकारानंतर जे होतं त्यावरून माणूस कळतो.

"मी जयपूरला शिकायला जाणार म्हटलं तेव्हा बाबांनी नऊ दिवस अबोला धरला. कळला तुला माणूस?"

लस्सीवरची साय मी उगाच ढवळत बसले. दादाचा अबोला मला लहानपणापासून ठाऊक आहे. आम्ही त्याला स्वभाव म्हणायचो.

"हात तर नाही ना उचलला त्यानं?"

"म्हणजे हात उचलेपर्यंत सगळं माफ?"

याला उत्तर सुचेना, म्हणून मी विषय वसईला नेला. "श्रद्धा वालकर आठवते? 23 नोव्हेंबर 2020 ला तिनं तुळिंज पोलिसांना लिहून दिलं होतं, की जोडीदार मारतो, तुकडे करून टाकीन म्हणतो. मे 2022 मध्ये दिल्लीत तिचा खून झाला. म्हणून म्हणते, वेळेवर ओळखावं."

"ओळखलंच होतं की तिनं! त्याच्या आईवडिलांना सगळं माहीत आहे, हेसुद्धा त्या कागदात होतं. पुढे आमचं भांडण मिटलं असं सांगून तिनंच तक्रार मागे घेतली. तुझी लक्षणं तिला तुझ्यापेक्षा जास्त पाठ होती, आत्या."

"घरगुती हिंसाचाराविरुद्ध कायदा आहे."

"2005 चा? त्याला एक घर लागतं, लग्नासारखं नातं लागतं. हे दोघं कॅफेत भेटतात. आणि एकत्र राहायला गेले, तर याच शहरातल्या राज्य मानवाधिकार आयोगानं 2019 मध्ये लिव्ह-इनवर बंदी घाला म्हणून सरकारला सांगितलं होतं."

"मारहाण कुठेही गुन्हाच असते. 181 आहे, 112 आहे."

"लावणार कोण? तिला लावायचा नाहीये, आणि मला शपथ आहे."

"शपथ गेली खड्ड्यात. अकोल्याला तिच्या आईला फोन कर."

"पंधरा दिवसांत ती घरी, दिवाळीच्या आत लग्न. कोर्स गेला."

"जीव तर राहील!"

"हो. आणि ते लग्न असंच निघालं, तर या खेपेला ती कुणालाच दंड दाखवणार नाही."

रिकामा कुल्हड टोपलीत टाकून ती परत आली. "एवढंच सांग. मी फोन केला, तर तिची आई पहिल्यांदा काय विचारेल? किती लागलंय ते?"

मी जरा वेळ रस्त्याकडे बघत राहिले.

"मुलाचं आडनाव," मी म्हटलं.