पावतीवर काय लिहायचं

मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता जिथे मिळतात तो द्वारका चौक. वरून उड्डाणपूल गेला, तरी खालची गर्दी हटली नाही. मालेगाव-धुळ्याकडून आलेली माणसं इथे उतरतात, नाशिकरोडच्या रिक्षा इथे भरतात, आणि एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फोन धरून रस्ता ओलांडताना कोणाचा ना कोणाचा फोन डांबरावर आपटतो. काठे गल्लीच्या अंगाला एक लहानसं दुकान होतं, ते अशा फोनवर चालायचं. दुकानाच्या मालकाला सगळे उस्ताद म्हणत.

उस्तादांनी सुरुवात रेडिओ आणि टेपरेकॉर्डरपासून केली होती. मग नोकिया ११०० सारखे फोन आले. एका स्क्रूड्रायव्हरवर उघडायचे आणि आतलं सगळं समोर दिसायचं. आताचे फोन गोंदाने बंद होतात. पाठ आधी तापवायची, मग पातळ पत्ती सरकवायची, आणि आतली पट्टी कुठून गेली आहे हे पाठ असेल तरच पुढे हात घालायचा. उस्तादांनी हेही शिकून घेतलं. वयाच्या पन्नाशीत मायक्रोस्कोपखाली मान घालून आयसी बदलायला शिकणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

दुकानाच्या मागच्या फळीवर डबे होते. बंद पडलेले फोन उस्ताद विकत घेत. ज्याचा बोर्ड गेला त्याचा डिस्प्ले शाबूत असतो. ज्याचा डिस्प्ले फुटला त्याचा कॅमेरा, स्पीकर, चार्जिंगची पट्टी, बोर्डावरच्या आयसी चांगल्या असतात. पण घेण्याची रीत ठरलेली. खोकं किंवा बिल बघायचं. आयएमईआय क्रमांकाआधी केवायएम लिहून १४४२२ वर एसएमएस पाठवायचा. मे २०२३ मध्ये संचार साथी देशभर सुरू झाल्यापासून चोरीला गेलेला फोन मालकाला बंद करून टाकता येतो. असा बंद केलेला क्रमांक निघाला तर फोन आणणाऱ्याला उस्ताद दुकानाची पायरीही चढू देत नसत. घेतलेल्या प्रत्येक फोनला चिठ्ठी बांधलेली असे. कोणाकडून घेतला, कशाने बंद पडला, त्यातून काय काय काढलं. पाण्यात पडलेल्या फोनची चिठ्ठी लाल शाईत. पाणी सुकतं, पण त्यातले क्षार बोर्डावर राहतात आणि तांबं आतल्या आत हिरवं पडत जातं. आज चाललेला भाग दोन महिन्यांनी दगा देतो.

२०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२ टक्क्यांच्या आसपासच रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आल्याची नोंद आहे, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. या ढिगापुढे काठे गल्लीतली एक फळी म्हणजे काहीच नाही. तरी तिथला प्रत्येक डबा म्हणजे कचऱ्यात न गेलेला एक फोन होता, आणि मला तो मोलाचा वाटतो.

दुकानात एक पोरगा होता. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला, हाताचा फार हलका. अॅमोलेडचा डिस्प्ले कागदासारखा पातळ असतो. फ्रेममधून सोडवताना जराशी घाई झाली की कोपऱ्यातून काळा डाग पसरत जातो. पोरगा तो अखंड काढायचा. उस्ताद आता अवघड काम त्याच्याच पुढे सरकवत.

दिवाळी होऊन गेली होती. ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस म्हणजे द्राक्षवाल्यांची फवारणीची धांदल. दिंडोरी तालुक्यातले एक बागायतदार दुकानात आले, सगळे त्यांना नाना म्हणत. फोन ट्रॅक्टरवरून पडला होता. अर्धा पडदा काळा, उरलेल्या अर्ध्यावर हिरव्या रेघा, टच मेलेला. मजुरांचे पैसे, औषधांच्या दुकानाचा हिशोब, सगळं त्या फोनमध्ये.

"संध्याकाळपर्यंत पाहिजे," नाना म्हणाले. "आणि नीट बसव बाबा. पाण्याला दाद देत नाही म्हणून हा फोन घेतलाय. औषधाचे हात लागतात, मी तर रोज नळाखाली धरून धुतो."

उस्ताद माल आणायला एम. जी. रोडच्या मोबाईल मार्केटला गेले होते. पोरग्याने विचार केला. नवा ओरिजिनल डिस्प्ले साडेसहा हजारांचा, आणि यायला दोन दिवस. कॉपी दोन हजारांत लगेच मिळाली असती, पण ती एलसीडीची. नानांच्या फोनला बोटाच्या ठशाचा सेन्सर काचेखाली होता. तो अॅमोलेडच्या आरपार बोट बघतो. एलसीडीला मागून उजेड देणारा थर असतो, त्याच्या आड सेन्सर आंधळा होतो. कॉपी बसवली की ठसा कायमचा गेला. मग त्याला फळीवरचा डबा आठवला. तेच मॉडेल, बोर्ड गेलेला, डिस्प्ले फ्रेमसकट शाबूत. दुकानात अशा डिस्प्लेचे बसवून साडेतीन हजार घेत.

त्याने तो लावला. दोन्ही फोनच्या पाठी तापवल्या, पट्ट्या सोडवल्या, बोर्ड अलगद उचलून दुसऱ्या फ्रेममध्ये ठेवला, ठसा पुन्हा नोंदवून बघितला. उजेड एकसारखा, टच कोपऱ्यापर्यंत चालणारा. उस्तादांनीही याहून वेगळं काही केलं नसतं.

नाना आले. फोन बघून खूश झाले. "नवा टाकला ना?"

"हो नाना. ओरिजिनल. नवीन."

साडेसहा हजार त्यांनी मोजून दिले.

रात्री हिशोबाला बसल्यावर उस्तादांना वहीत नव्या डिस्प्लेची नोंद दिसली. नवा माल तर आलाच नव्हता. फळीवरच्या एका डब्यात चिठ्ठी होती आणि डिस्प्ले नव्हता. त्यांनी पोरग्याकडे नुसतं बघितलं.

"उस्ताद, लावलाय तो ओरिजिनलच," पोरगा म्हणाला. "कॉपीपेक्षा शंभरपट चांगला. बसवलाय पण एक नंबर. ते खूश होऊन गेले. कोणाचं काय बिघडलं?"

"तीन हजार त्यांचे आहेत, ते उद्या देऊन यायचे. ते सोड," उस्ताद म्हणाले. "पाठ कशाने चिकटवलीस?"

"नेहमीच्या गोंदाने."

"कंपनीतून येताना आत रबराची सील असते, कडेने चिकट पट्टी असते. ती आपण तापवून कापली. आता त्या फोनला पाणी चालेल?"

पोरगा गप्प झाला. नळाखाली धरतो हे वाक्य त्याच्याच समोर बोललं गेलं होतं. पाण्यापासून संरक्षणाचा आयपी६८ हा दर्जा न उघडलेल्या, नव्या फोनचा असतो, आणि तोही साध्या स्वच्छ पाण्यापुरता, हे त्याला तोंडपाठ होतं.

"तू त्यांना नवा म्हणालास. म्हणजे ते आज नव्यासारखा वापरणार," उस्ताद म्हणाले. "जुना आहे, उघडलेला आहे असं कळलं असतं तर जपून वापरला असता. फोन तू दुरुस्त केलास, पण त्यांनी तो कसा वापरायचा ते चुकीचं शिकवून पाठवलंस. आधी फोन लाव."

पोरग्याने लावला. पाणी लावू नका एवढं सांगितलं. का, असं नानांनी विचारलं तेव्हा म्हणाला, उद्या येऊन सांगतो.

इथे थोडं थांबतो. दुरुस्तीच्या हक्काबद्दल आपल्याकडे आता बरंच बोललं जातं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने त्यासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, त्याच वर्षीच्या डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी सुटे भाग द्यावेत, आत काय आहे त्याची माहिती द्यावी, ही मागणी रास्तच आहे आणि ती लावून धरायला हवी. पण माहितीचं हे देणं कंपनीपाशी संपत नाही. दुकानदाराने फोन उघडला त्या क्षणी आत काय आहे हे कंपनीलाही कळेनासं होतं. ते फक्त त्या हातांना ठाऊक असतं. त्यांनी सांगितलं नाही तर सांगणारं दुसरं कोणी नाही.

सकाळी पोरगा म्हसरूळवरून दिंडोरी रस्त्याला लागला. नाना बागेत होते. ब्लोअर ट्रॅक्टरला जोडलेला, बांधावर औषधाचे डबे, आणि शेडमध्ये खिळ्याला टांगलेली एक वही. पोरग्याने आधी तीन हजार पुढे केले, मग काय झालं ते सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वही काढून त्यांनी त्याच्यासमोर उघडली. तारीख, औषध, प्रमाण, काढणीला किती दिवस.

"हे कशासाठी ठाऊक हाये? माझा प्लॉट अपेडाच्या ग्रेपनेटवर नोंदलेला आहे. युरोपातल्या खोक्यावरून मागे येत येत माणूस या बांधापर्यंत पोचतो. २०१० साली सीसीसीचा अंश जास्त निघाला, आणि आपल्या द्राक्षांचे कंटेनर तिकडे अडकले. वेलीची वाढ आवरायला आम्ही ते औषध वर्षानुवर्षं मारत होतो. माल गोड होता, दिसायला सोन्यासारखा होता. त्याचा काही उपयोग झाला नाही. तेव्हापासून मी या वहीत न मारलेलं औषध लिहीत नाही आणि मारलेलं लपवत नाही."

"चूक झाली, नाना."

"डिस्प्ले जुना आहे याचं मला काही नाही. माझा ट्रॅक्टरही जुनाच हाये. पण तो कोणाच्या फोनचा? चोरीबिरीचा नाही ना?"

याचं उत्तर पोरग्याकडे होतं. चिठ्ठीवर लिहिलेलं सगळं त्याने सांगितलं. सिडकोतल्या एका ताईंचा फोन, चार्जिंगला लावलेला असताना बोर्ड जळाला, पाण्यात पडलेला नाही, खोकं आणि बिल दुकानात आहे, क्रमांक तपासलेला आहे. उस्तादांच्या चिठ्ठ्यांचा त्याला आजवर कंटाळाच यायचा. आज त्या नसत्या तर नानांपुढे उभं राहायला त्याच्याकडे काही नव्हतं.

"मग नवी पावती दे," नाना म्हणाले.

पोरग्याने पावतीपुस्तक आणलं होतं. तिथेच ट्रॅक्टरच्या मडगार्डवर ठेवून तो लिहू लागला. डिस्प्ले जुना, ओरिजिनल, त्याच मॉडेलच्या फोनमधून काढलेला. पाठ उघडलेली आहे, पाणी चालणार नाही. दुकानाची हमी तीस दिवस.

नानांनी चष्मा लावून वाचलं. "ती हिरवी रेघ म्हणतात, ती परत आली तर?"

"तीस दिवसांत आली तर आम्ही बघू. त्यापुढे सांगता येत नाही, नाना. अॅमोलेडला ती येते. नव्यालाही येते, पण नव्याची हमी कंपनीकडून असते. काढलेल्याला मागे कोणी नाही."

"तीसचे साठ कर."

"उस्तादांना विचारावं लागेल."

"मग विचार ना. फोन चालू हाये." नानांनी स्वतःचाच फोन त्याच्या हातात दिला.

उस्तादांनी पलीकडून पंचेचाळीस सांगितले. नाना पन्नासवर आले. पावतीवर पन्नास लिहिलं गेलं आणि खाली पोरग्याने सही केली.

त्यानंतर आठवडाभरात वडाळा नाक्याकडच्या एक बाई मुलाला घेऊन दुकानात आल्या. फोन मुलानेच पाडलेला, आणि तो मान खाली घालून उभा. फोनला ठशाचा सेन्सर काचेखालीच. पोरग्याने दोन डिस्प्ले काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले, बोर्डाला एकेक जोडून पेटवून दाखवले.

"मावशी, हा काढलेला. ओरिजिनल आहे, पण वापरलेला. तीन हजार. याने ठसा चालेल. ही नवी कॉपी, अठराशे. उन्हात अंधुक दिसेल, बॅटरी जास्त खाईल, आणि ठसा कधीच चालणार नाही. कोणताही घेतला तरी यापुढे पाण्यापासून जपायचा."

बाईंनी दोन्हीकडे बघितलं. पोरग्याला वाटत होतं त्यांनी काढलेला घ्यावा. तसं त्याने एकदा सांगितलंही.

"कॉपी टाक," त्या म्हणाल्या. "मी पिन टाकूनच उघडते. आणि हा परत पाडणारच आहे."

पोरग्याने पावतीवर लिहिलं, नवी कॉपी, एलसीडी, ठसा चालणार नाही. बाईंना वाचून दाखवलं आणि पाठ तापवायला घेतली.

उस्ताद मायक्रोस्कोपवरून मान वर न करता म्हणाले, "काढलेला दाखवलास?"

"दाखवला. समजावलंही. त्यांना कॉपीच हवी."

"बरं. मग तो नीट गुंडाळून चिठ्ठीसकट डब्यात ठेव. आणि गोंद सुकल्याशिवाय क्लिपा काढू नकोस."