त्याच्याऐवजी मी

(मामा निवृत्त पाळक, भाची फौजदारी वकील. आवाज चढायला दोघांनाही वेळ लागत नाही.)

भाची : मामा, दंड कुणीही भरावा. आरोपीचा भाऊ भरेल, शेजारी भरेल. कोर्टाला पावतीशी मतलब. पण भावाची जन्मठेप मी भोगतो म्हटलं, तर कुठला न्यायाधीश ऐकेल? मग वधस्तंभावर झालं ते काय, दंड की शिक्षा?

मामा : अन्सेल्म म्हणेल, ऋणफेड. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीच्या या आर्चबिशपने हिशेब मांडला : देवाचा मान माणसाने मोडला, म्हणजे देणं माणसाचं, फेडायची ऐपत मात्र एकट्या देवाची. म्हणून फेडणारा देवही हवा आणि माणूसही.

भाची : फार चोख आहे. म्हणूनच अंगावर येतं.

मामा : तत्त्वज्ञ आबेलारच्याही आलं. निर्दोषाचं रक्त मागणं त्याला क्रूरच वाटलं. ते प्रेम बघून माणूस पालटतो, हेच तारण, असं त्याचं म्हणणं. मला अर्धंच पटतं. नुसतं बघून पालटलेली माणसं माझ्या मंडळीत फार नव्हती! बरं, १९४१ची ऑशविट्झची नाझी छावणी घे. एक कैदी निसटला म्हणून दहा जणांना उपाशी मारायचं ठरलं. त्यातला गायोव्निचेक बायकापोरांच्या नावाने रडू लागला. फादर कोल्बे रांगेतून पुढे आले, त्याच्याऐवजी मला घ्या म्हणाले. दोन आठवडे उलटले तरी जीव जाईना, तेव्हा फिनॉल टोचून मारलं त्यांना. गायोव्निचेक १९९५पर्यंत जगला.

भाची : पण तो गुन्हेगार कुठे होता? आणि दहा जीव मागणारा होता छावणीचा अधिकारी. तुमच्या मांडणीत त्याच्या जागी कोण उभं आहे, ते बोला.

(मामा बराच वेळ चष्मा पुसत राहिले. उलटतपासणी नेमकी होती.)

मामा : मागणारा आणि मरणारा वेगळे धरलेस, तर तो बाप कसला, सावकारच. पण पुत्र म्हणजे देवाने पुढे ढकललेला कुणी तिसरा नव्हे. माफ करणाऱ्याला खोट सोसावी लागतेच. ती त्याने स्वतःच्या अंगावर घेतली.

भाची : स्वतःची खोट सोसली, कबूल. माझ्या अशिलाने एका बाईला लुबाडलं. आता बाप्तिस्मा घेतलाय, देवाशी मिटलं म्हणतो. तिला कुणी विचारलं?

मामा : शुभवर्तमानातला जकातदार जक्कय आठव. लुबाडलेलं चौपट परत देतो म्हणाला, त्यावर प्रभू म्हणाले, आज या घराला तारण झालं.

भाची : म्हणजे आधी पैसे परत कर, असं सांगू?

मामा : आधी की नंतर, यावर आमच्यात पाचशे वर्षं भांडण चालू आहे. तू सांग तर खरं.