मान देणे म्हणजे काय?

लोकांच्या आरोग्यासाठी झटणाऱ्यांचा मान करावा, याविषयी कोणाचा वाद नाही. परंतु मान करणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न आम्हांस दिसतो तितका सोपा वाटत नाही.

ता. २२ मार्च २०२० ची संध्याकाळ वाचकांस आठवत असेल. महामारीत सेवा करणाऱ्यांसाठी देशभर लोकांनी दारांत उभे राहून थाळ्या वाजविल्या. पुढच्याच वर्षी, १५ जूनपासून, आपल्या महाराष्ट्रातील सुमारे ७० हजार आशा कार्यकर्त्यांस योग्य मोबदल्यासाठी संप करावा लागला. सरकारदप्तरी त्या नोकर नव्हेत, स्वयंसेविका होत. त्यांस पगार नाही, कामागणिक मोबदला व वर मानधन. मानधन हा शब्दही मोठा सोयीचा आहे : धन थोडे पडले की उणीव मानाने भरून काढावी! ता. २२ मे २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. तो यथायोग्यच होता. पण गौरवाने कणगी भरत नाही. कामकऱ्याची मजुरी अडवून त्याच्या खांद्यावर शाल घालणे, यास आम्ही मान म्हणत नाही.

तथापि मजुरी चुकती केली म्हणजे सर्व ऋण फिटले, असेही नव्हे. अरामी सेनापती नामान याची गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक आहे. तो रुपे, सोने व उंची वस्त्रे घेऊन आला होता. देण्याविषयी त्याची काही तक्रार नव्हती. मात्र यार्देनेत सात वेळा बुडी मार, एवढे सांगणे येताच त्यास राग आला. देणे सोपे, ऐकणे जड! आणि त्याच्या घरी संदेष्ट्याची वार्ता प्रथम सांगितली ती एका बंदिवान पोरीने. तिचे तर नावही लिहून ठेवलेले नाही.

आपल्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडे जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली कामास आरंभ केला. त्यांनी खेड्यांतल्याच बायका निवडून शिकविल्या. त्यांपैकी पुष्कळ निरक्षर, कित्येक अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या. जिची सावली नको, तिचा सल्ला कोण घेणार? आरंभी उंबऱ्याच्या आत घेण्यासही कित्येक घरे तयार नव्हती. परंतु बाळंतिणी सुखरूप उठू लागल्या, लेकरे जगू लागली, तशी तीच दारे उघडली. १९७१ साली तेथे जन्मलेल्या हजार लेकरांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत; १९७६ पर्यंत ही संख्या ५२ वर आली, असे त्या प्रकल्पाच्या नोंदी सांगतात. आरोळे दांपत्यास १९७९ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. ते मोठेच, पण ज्या घरात पूर्वी पाणी मिळत नव्हते त्या घरात बाळंतिणीच्या उशाशी बसावयास मिळाले, हा मान आम्हांस त्याहून मोठा वाटतो. तो कोणत्याही सभेत देता येत नाही. तो ज्याच्या त्याच्या घरीच द्यावा लागतो.

आता केजेकडे वळू. मुकादमाची उचल घेतलेली असते; दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला गाड्या निघतात आणि वस्त्याच्या वस्त्या ओस पडतात. गाडी भरत असता आशाताई येऊन सांगते, "वहिनी, सातवा महिना आहे तुमचा, कार्ड बरोबर घ्या, धाकट्याची लस तिकडे चुकवू नका." घरधनी "बरं, बरं" म्हणतो, पाण्याचे पिंप वर चढवितो, आणि कार्ड फळीवरच राहते. तेच शब्द डॉक्टरसाहेबांनी उच्चारले असते तर ते कार्ड पेटीत सर्वांत वर ठेविले गेले असते. आपलीच शेजारीण, कालपर्यंत आपल्याबरोबर खुरपत होती, तिला काय कळते, असा आमचा हिशेब! खरे पाहता कोणत्या घरात कोण गरोदर आहे, कोणत्या लेकराचा ताप उतरत नाही, हे तिच्याइतके कोणास ठाऊक आहे?

आमच्या उपदेशक बंधूंस एवढीच विनंती की, यंदा गाड्या भरतील त्या दिवशी त्यांनी आशाताईंबरोबर वस्तीत फिरावे व फळ्या पाहाव्यात.